डबा एफएलपी, कारभार रामभरोसे

आपल्याकडच्या कुठल्याही पेट्रोल पंपावर जा. पुण्यात सातारा रोडला जा, नाहीतर नगर-बीड-मांजरसुंबा करत आमच्या युसूफ वडगावकडे येताना वाटेत कुठेही थांबा. लाल गोलात काट मारलेला मोबाइल दिसेल, खाली 'मोबाइल वापरू नये' अशी ठळक सूचना दिसेल, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर क्यूआर कोड. 'इथे स्कॅन करा'. आता बोला! मोबाइल वापरायचा नाही आणि पैसे मात्र मोबाइलनेच द्यायचे. पाटी लावणाऱ्यालाही यात काही विचित्र वाटत नाही, आपल्यालाही नाही. आपण सवयीने दोन्ही गोष्टी पाहतो आणि पुढच्या गाडीला जागा करून देतो.

मोबाइलने पंप उडतो की नाही हा माझा मुद्दा नाही. अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने इंधन भरताना लागलेल्या आगींची माहिती गोळा केली होती. त्यात दोषी सापडली ती अंगावरची स्थिर वीज. म्हणजे गाडीत बसलं, सीटवर अंग घासलं, उतरून नळीला हात लावला आणि ठिणगी पडली. मोबाइलवर गुन्हा सिद्ध झाला नाही. तरीही बंदी चुकीची नाही, कारण मोबाइल हे काही स्फोटक जागेसाठी तपासून मंजूर केलेलं उपकरण नव्हे. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. सुरक्षितता म्हटलं की आपल्याला पाटी आठवते, सर्टिफिकेट आठवतं, आणि काम तिथेच संपतं. जिथे हवेत पेट्रोल, गॅस किंवा अल्कोहोलची वाफ असू शकते तिथल्या विजेच्या उपकरणांबाबत तर हे शंभर टक्के खरं आहे. डब्याला सर्टिफिकेट असतं. तो डबा उघडणाऱ्या माणसाला काय येतं, हे कुणी विचारत नाही.

विषय रुक्ष वाटत असेल तर आईला विचारा. घरात गॅसचा वास आला तर काय करायचं? 'बटणाला हात लावू नकोस, खिडक्या उघड, रेग्युलेटर बंद कर.' बस्स! या एका वाक्यात अख्खं शास्त्र आलं. लावायचं बटण नाही आणि बंदही करायचं नाही, कारण दोन्ही वेळी आतल्या संपर्काशी बारीक ठिणगी पडते. एलपीजी हवेत साधारण २ ते साडेनऊ टक्के असेल तर तेवढी ठिणगी पुरते. एक्झॉस्ट फॅनही लावायचा नाही, तोही बटणानेच लागतो. आणि फ्रिज? तो तर आपला आपण चालू-बंद होत असतो. ठिणगी किती लागते म्हणाल, तर प्रोपेनला पाव मिलिज्यूलच्या आसपास. हायड्रोजनला त्याच्याही दहावा हिस्सा. स्वेटर काढताना अंधारात जे चट्‌चट् दिसतं ना, त्यात याहून जास्त ऊर्जा असू शकते.

घरात आपण बटणाला हात न लावता बाहेर पडू शकतो. पण जिथे रोजच वाफ असण्याची शक्यता आहे आणि रोजच मोटारी, दिवे, मीटर चालवायचे आहेत, तिथे काय करायचं? इथे दोन फंडे आहेत, आणि दोन्ही कोळशाच्या खाणींतून आले.

पहिला फंडा मजबूत डब्याचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत गेल्सेनकिर्शेन इथे कार्ल बायलिंग नावाच्या माणसाने खाणवायूत विजेच्या उपकरणांवर प्रयोग केले आणि त्यातून 'फ्लेमप्रूफ' डब्याची कल्पना पक्की झाली. आपले वायरमन लोक याला 'एफएलपी' म्हणतात. आता गंमत बघा. दहापैकी नऊ जणांना वाटतं की फ्लेमप्रूफ डबा म्हणजे आत वायू जाऊच न देणारा डबा. साफ चूक. वायू आत जाणार हे गृहीतच धरलेलं असतं. आत ठिणगी पडणार, आत स्फोटही होणार, हेही गृहीत. डब्याने दोनच कामं करायची. एक, तो स्फोट सहन करून फुटायचं नाही. दोन, झाकण आणि डबा यांच्या घासून गुळगुळीत केलेल्या कडांमधून जो गरम वायू बाहेर पडेल तो इतका थंड करायचा की बाहेरची वाफ पेटणार नाही. या दोन कडांमधली फट मिलिमीटरच्या काही दशांशांएवढी, दोन-तीन कागदांची जाडी म्हणा. ती फट तेवढीच राहावी म्हणून झाकणाला चारही बाजूंनी बोल्ट. बारा, सोळा, कधी वीस. ते शोभेला नसतात. एक बोल्ट ढिला असेल तर स्फोटाच्या दाबाने तेवढ्या भागात झाकण उचललं जातं, फट वाढते आणि जाळ थेट बाहेर येतो. मग त्या महागड्या डब्यात आणि पत्र्याच्या डब्यात फरक काय राहिला?

दुसरा फंडा उलटा आहे. डबा मजबूत करण्याऐवजी वीजच इतकी अशक्त करायची की ठिणगी पडली तरी ती काही पेटवू शकणार नाही. यामागची गोष्ट दुःखद आहे. १४ ऑक्टोबर १९१३ ला वेल्समधल्या सेंघेनिथच्या खाणीत स्फोट झाला आणि ४३९ खाणकामगार मेले. ठिणगी कुठून आली याची शंभर टक्के खात्री झाली नाही, पण संशय होता तो विजेच्या घंटीवर. खाणीत दोन उघड्या तारा एकमेकींना टेकवून घंटी वाजवायची पद्धत होती. नुसत्या बॅटरीवर चालणारी घंटी, तिने काय होणार, असं सगळ्यांना वाटायचं. व्हीलर आणि थॉर्नटन या दोघांनी प्रयोग करून दाखवलं की घंटीच्या कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा तार सुटताना ठिणगीत उतरते आणि ती वायू पेटवायला पुरते. यातून 'इंट्रिन्सिक सेफ्टी'चा जन्म झाला. आज कारखान्यातल्या मोजमापाच्या यंत्रांच्या तारा कंट्रोल रूममधून बाहेर जाताना मध्ये एक छोटं बॅरियर बसवतात. आत झेनर डायोड, रेझिस्टर आणि फ्यूज. २८ व्होल्ट, ३०० ओम, ९३ मिलिअँपिअर, हा त्यातला अगदी ठरलेला आकडा. इंजिनियरिंगला झेनरचे ग्राफ आम्ही ढिगाने काढले. त्या झेनरवर कुणाचा जीव टांगलेला असतो, हे चार वर्षांत एकाही सरांनी सांगितलं नाही. व्हायवाला विचारत नाहीत ना!

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं जामनगर, तारापूर, उरणला ठीक आहे. केज तालुक्यातल्या गावात बसून हे उगाळायचं काय कारण?

कारण आहे इथेनॉल.

बीड म्हणजे ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळी झाली की बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरभरून माणसं पश्चिम महाराष्ट्राकडे निघणार, हे आम्ही लहानपणापासून पाहतोय. पण गेल्या काही वर्षांत ऊस आमच्याकडेही आला, कारखाने आले, आणि कारखान्यांच्या मागोमाग डिस्टिलऱ्या. २०१३-१४ मध्ये देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल दीड टक्का होतं. २०१८ ला जैवइंधन धोरण आलं, २०२२ ला त्यात बदल करून २० टक्क्यांचं उद्दिष्ट २०३० वरून अलीकडे ओढलं, आणि २०२५ मध्ये देशाने ते गाठलंसुद्धा. चांगलंच झालं. शेतकऱ्याच्या उसाला आणखी एक गिऱ्हाईक मिळालं. मी इथेनॉलच्या विरोधात नाही. पण या वेगात एक गोष्ट मागे राहिली. मळी आंबवायची, डिस्टिलेशन करायचं, उरलेलं पाणी काढून टाकायचं, टाक्यांत साठवायचं, टँकरमध्ये भरायचं. या साखळीत टाकीचा व्हेंट, पंपाचं सील, टँकर भरायची जागा अशा ठिकठिकाणी वाफ बाहेर येऊ शकते. पूर्वी साखर कारखान्यातला इलेक्ट्रिशियन पत्र्याच्या पॅनेलवर आणि उघड्या ट्यूबलाइटवर काम करायचा. आज त्याच माणसाला, तोच पाना देऊन, इथेनॉलच्या टाक्यांपाशी पाठवलं जातं.

इथेनॉलचा स्वभावही समजून घ्या. ते साधारण १३ अंशांना पेटायला तयार होतं. मराठवाड्यात थंडीतल्या पहाटा सोडल्या तर वर्षभर तापमान याच्या वरच. हवेत ३ ते १९ टक्के वाफ असली की मिश्रण स्फोटक. आणि इथेच खरी मेख आहे. पेट्रोलच्या बंद टाकीत द्रवाच्या वर जी वाफ असते ती बहुतेक वेळा इतकी दाट असते की हवा कमी पडते आणि ती पेटत नाही. इथेनॉलचं तसं नाही. २० अंशांना इथेनॉलच्या टाकीतल्या रिकाम्या जागेत वाफ जमते सहा टक्क्यांच्या आसपास, ४० अंशांना सतरा-अठरा. म्हणजे आमच्या डिसेंबरपासून मेपर्यंत टाकीच्या आतली हवा जवळपास कायम स्फोटक पट्ट्यातच. ज्याने आयुष्यभर डिझेल-पेट्रोल हाताळलं त्याचे अंदाज इथे चालत नाहीत.

२५ फेब्रुवारी २०२३ ला शेवगाव तालुक्यात गंगामाई साखर कारखान्याच्या इथेनॉल प्रकल्पाला मोठी आग लागली होती. ती का लागली हा या लेखाचा विषय नाही. मुद्दा एवढाच की हे सगळं लांब कुठे वेल्समध्ये नाही, आपल्या शेजारच्या शिवारात आहे. आणि नुसती वाफच कशाला, साखरेची धूळसुद्धा पेटते. ७ फेब्रुवारी २००८ ला अमेरिकेत जॉर्जियातल्या इम्पीरियल शुगरच्या कारखान्यात साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ जण मेले. आपण चहात घालतो तीच साखर.

या जागांची विभागणी कशी करतात तेही थोडक्यात सांगतो. जिथे वाफ कायम किंवा बराच काळ असते तो झोन ०, म्हणजे टाकीचा आतला भाग. रोजच्या कामात अधूनमधून येऊ शकते तो झोन १. काही बिघडलं तरच, आणि तेही थोडा वेळ, तो झोन २. झोन ठरला की कुठलं उपकरण चालेल ते ठरतं. शिवाय उपकरणाचा पृष्ठभाग किती तापेल याचे वर्ग असतात, कारण पेटवायला दर वेळी ठिणगीच लागते असं नाही, तापलेला पत्राही पुरतो. आपल्याकडे पेट्रोलियमच्या जागांसाठी अशा उपकरणांना मंजुरी देते ती 'पेसो', पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना. मुख्यालय आपल्या नागपुरात. कायदा आहे, मानकं आहेत, संस्था आहे. कागदावर काही कमी नाही.

मग घोडं अडतं कुठे?

माझा एक चुलतभाऊ आयटीआय करून वायरमन झाला. ठेकेदारामार्फत एका डिस्टिलरीत जातो. कुठल्या ते सांगणार नाही, आणि ओळखायच्या भानगडीतही पडू नका, कारण हा एका कारखान्याचा प्रश्न नाही. त्याला मी विचारलं, एफएलपी जंक्शन बॉक्स उघडला की परत बोल्ट किती लावतोस? तो हसला. म्हणाला, "दादा, सोळा बोल्ट काढायचे अन् सोळा लावायचे म्हणल्यावर अर्धा तास तिथंच जातो. तवर वरून सुपरवायझरचे चार फोन. चारी कोपऱ्याला चार मारायचे अन् बाकीचे खिशात. पुढच्या डब्याला एखादा कमी पडला तर कामाला येतो."

त्याला मी पुढे विचारलं की ते बोल्ट कशासाठी असतात हे तुला माहीत आहे का. त्याचं उत्तर: "पाणी जाऊ नये म्हणून."

बघा! त्याच्या हिशोबाने तो बरोबरच वागतोय. पाणी जाऊ नये एवढंच काम असेल तर चार बोल्ट आणि कडेने फासलेलं सिलिकॉन पुरे. आणि ते सिलिकॉन तो मनापासून, नीट, बोटाने गुळगुळीत करून लावतो. फ्लेमप्रूफ डब्याच्या कडांना असं सुकून घट्ट होणारं काही लावायचं नसतं, न सुकणारं ग्रीस चालतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. नवीन केबल आत घ्यायला डब्याला आणखी एक भोक पाडलं की डब्याची मंजुरी त्याच क्षणी संपली, हेही नाही. जुनी केबल काढल्यावर राहिलेल्या भोकात मंजूर प्लगच बसवायचा, कापडाचा बोळा नाही, हेही नाही. आयपी ६५ म्हणजे धूळ-पाण्यापासून बचाव, त्याचा स्फोटाशी काही संबंध नाही, हेही नाही. 'झोन' हा शब्द त्याने पहिल्यांदा ऐकला तो माझ्या तोंडून. एका आयटीवाल्याकडून!

आता गंमत अशी की डब्यावर सूचना असते. 'वीज चालू असताना उघडू नये', 'सर्व बोल्ट घट्ट बसवा'. कुठल्या भाषेत? मी पाहिलेल्या एकूण एक डब्यावर इंग्रजीत. आणि तीही ओतीव अक्षरांत, वरून करड्या रंगाचे दोन हात. ज्याच्या हातात पाना आहे तो मराठी माध्यमात शिकलेला, आणि सूचना त्याच्यासाठी लिहिलेलीच नाही. ती लिहिलीय इन्स्पेक्टरसाठी, ऑडिटरसाठी, निर्यातीसाठी. नागपूरच्या मंजुरीने विकला जाणारा, महाराष्ट्रात बसवला जाणारा डबा, आणि त्यावर मराठीचा एक शब्द नाही. घरच्या सिलिंडरच्या बाबतीत हे बरोबर जमलं. गॅस कंपन्यांनी मराठीत पत्रकं काढली, म्हणून तर आईला ते वाक्य पाठ आहे. म्हणजे जमतं. जमवायचं नसतं, एवढंच.

इथे नेहमीचे तीन आक्षेप येणार. एकेक घेऊ.

पहिला: 'इतकी वर्षं काही झालं नाही ना?' हा आक्षेप निदान आपण आयटीवाल्यांनी तरी घेऊ नये. एखादा बग वर्षानुवर्षं कोडमध्ये पडून असतो आणि दोन विशिष्ट गोष्टी एकाच वेळी घडल्या की सगळी सिस्टीम झोपते, हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? शॉर्ट सर्किट झालं तर एमसीबी पडते, कुणीतरी धावत येतं. बोल्ट नसेल तर काहीच होत नाही. दिवा लागतो, मोटार फिरते, लॉगमध्ये एरर येत नाही. वाफ गळायला आणि डब्यात ठिणगी पडायला एकच मुहूर्त लागेपर्यंत सगळं हिरवंगार. आणि तो मुहूर्त लागला की लॉग वाचायला कुणी उरत नाही.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: 'मोठे अपघात तर झोनच्या बाहेरच्या ठिणगीने होतात, मग बोल्ट मोजून काय फायदा?' यात तथ्य आहे. २९ ऑक्टोबर २००९ ला जयपूरजवळ सीतापुऱ्यात इंडियन ऑइलच्या डेपोत पेट्रोल गळायला लागलं. सव्वा तासाच्या आसपास गळत राहिलं, हजार टनांच्या घरात. वाफेचा ढग अख्ख्या डेपोवर पसरला आणि मग पेटला. ११ जण गेले, आग अनेक दिवस धुमसत राहिली. एम. बी. लाल समितीने चौकशी केली. पेटवणारी ठिणगी प्रशासकीय इमारतीतल्या साध्या, फ्लेमप्रूफ नसलेल्या विद्युत उपकरणाची असू शकते, किंवा गाडी चालू करतानाची, असं समितीने म्हटलं. म्हणजे टाकीजवळचे डबे कितीही चोख असते तरी ऑफिसातल्या उपकरणाने घात केला असता. इंग्लंडमध्ये ११ डिसेंबर २००५ ला बन्सफील्डला असंच झालं. टाकीचा लेव्हल गेज अडकला, वरचा सुरक्षा स्विच चाललाच नाही, पेट्रोल ओसंडलं, आणि आग विझवायच्या पंपाच्या खोलीतूनच ढग पेटला असावा असा निष्कर्ष निघाला.

पण यातून बोल्ट बिनमहत्त्वाचे ठरत नाहीत. उलट बन्सफील्डचं मूळ पाहा. तो सुरक्षा स्विच चालला नाही कारण त्याची चाचणीची दांडी जागेवर धरून ठेवणारं साधं कुलूप लावलेलं नव्हतं. ते कुलूप कुणी छेडछाड करू नये म्हणून आहे असं लोकांना वाटत होतं! आमच्या भावाचं 'पाणी जाऊ नये म्हणून' आणि त्यांचं 'छेडछाड होऊ नये म्हणून' यात मला तरी फरक दिसत नाही. वस्तू पाठवली, पण तिच्यामागचं कारण पाठवलं नाही. जिथे एक बोल्ट का आहे हे कुणाला माहीत नसतं, तिथे व्हॉल्व्ह का आहे, अलार्म का आहे, हेही कुणाला माहीत नसतं. बोल्ट ही त्या जागेच्या तब्येतीची नाडी आहे. डब्यावर चारच बोल्ट दिसले तर बाकीच्या गोष्टींबद्दलही खुशाल शंका घ्या.

तिसरा आक्षेप: 'खर्च परवडत नाही.' एफएलपी दिवा साध्या दिव्याच्या कितीतरी पट महाग, मान्य. पण तो खर्च तर झालेलाच असतो! लायसनसाठी करावाच लागतो. वाया जातो तो पुढच्या अर्ध्या तासाच्या आणि काही रुपयांच्या बोल्टच्या लोभापायी. लाखाचं कुलूप घ्यायचं आणि किल्ली दाराला लटकवून ठेवायची, याला काटकसर म्हणत नाहीत.

आणि कृपा करून शेवटी 'आपले लोकच निष्काळजी' हे तुणतुणं वाजवू नका. हिंजवडीच्या एसी ऑफिसात वर्षाला दोनदा फायर ड्रिल होतं. फिशिंगचा ईमेल कसा ओळखावा याचं ऑनलाइन ट्रेनिंग असतं, शेवटी प्रश्नमंजूषा, ऐंशी टक्क्यांच्या खाली पडलात तर परत. माझ्या कोडची एक ओळ दुसऱ्याने बघितल्याशिवाय प्रॉडक्शनला जात नाही, आणि ती चुकली तर फार तर कुणाचं तरी बिल चुकतं. तिकडे माझा भाऊ स्फोटक वाफेच्या जागी डबा उघडतो, त्याला ना ट्रेनिंग, ना रिव्ह्यू. निष्काळजी कोण? तो, की त्याला नुसता पाना देऊन पाठवणारे?

करता येण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. तपासणीचं आंतरराष्ट्रीय मानक आपण भारतीय मानक म्हणून घेतलेलंच आहे. त्यात तपासणीच्या तीन पायऱ्या सांगितल्यात. नुसत्या नजरेने, म्हणजे नसलेला बोल्ट दिसेल. जवळ जाऊन शिडी-पाना घेऊन, म्हणजे ढिला बोल्ट कळेल. आणि डबा उघडून सविस्तर. दोन ठरावीक तपासण्यांमध्ये, तज्ज्ञाचा सल्ला घेतल्याशिवाय, तीन वर्षांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही असंही त्यात आहे. मग माझी मागणी एवढीच:

एक, प्रत्येक डब्यावर मराठीत ठसठशीत पाटी. 'सगळे बोल्ट लावा. एक कमी असला तरी स्फोट बाहेर येतो.' बास, एवढंच. कारणासकट.

दोन, डबा बंद केल्यावर दुसऱ्या माणसाने बोल्ट मोजून तारीख टाकायची. आपल्याकडे कोड रिव्ह्यू असतो तसाच. त्याची सहीही त्या डब्याच्या कागदावर.

तीन, अशा जागी काम करणाऱ्या वायरमनला, ठेकेदाराच्या माणसालासुद्धा, मराठीतून शिकवून परीक्षा घेतलेला वेगळा परवाना. व्यक्तीच्या कौशल्याला प्रमाणपत्र देणारी 'आयईसीईएक्स'ची योजना जगात आहेच, पण ती ऐच्छिक आहे. उपकरणाला मंजुरी सक्तीची आणि माणसाला ऐच्छिक, हे उलटं गणित नागपूर-दिल्लीने मिळून सरळ करावं.

चार, झोनचा नकाशा. तो कंट्रोल रूमच्या कपाटात फाइलमध्ये असतो. तो मराठीत मोठा करून गेटवर लावा. टँकरच्या ड्रायव्हरलाही कळू दे की विडी कुठे पेटवायची नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण ऑटोमेशन कंपन्यांत आहात, काहींचे मित्र कारखान्यांना पॅनेल विकतात, काहींचे काका कारखान्यावर संचालक आहेत. (लाजू नका, आपल्याकडे प्रत्येकाचा एक तरी काका असतोच!) पुढच्या वेळी गावी गेलात तर ऊस किती गेला, भाव काय लागला याच्याबरोबर एवढंही विचारा की डिस्टिलरीत एफएलपी डब्यांची शेवटची तपासणी कधी झाली आणि ती कुणी केली. उत्तर मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर पुन्हा विचारा. माझ्या भावाला आता कारण माहीत आहे. परवा फोनवर म्हणाला, "सोळाच्या सोळा लावतोय दादा, पण ठेकेदार म्हणतोय लई टाइम खातोस." त्या ठेकेदारालाही कारण कळलं पाहिजे, त्याच्या वरच्यालाही, आणि ते कळवायचं काम एकट्या वायरमनच्या अंगावर टाकून चालणार नाही.

ता.क. - घरी गॅसचा वास आला तर बटणांना हात न लावता बाहेर या आणि मगच १९०६ ला फोन लावा. हा एलपीजी गळतीचा आपत्कालीन नंबर आहे. फोन बाहेर येऊन लावायचा, आत उभं राहून नाही.